दर चैत्रात काचेवर परत येणारा तपकिरी थर

खाऱ्या पाण्याची टाकी लावून वर्ष होऊन गेलंय. मासे खातात, पोहतात, टेस्ट किटचे आकडे चांगले येतात. तरी काचेवर, वाळूवर आणि दगडांवर तपकिरी भुकटीसारखा थर बसतो. रविवारी पुसून काढला की बुधवारपर्यंत परत हजर. पावसाळ्यात तो आपोआप विरळ होतो, आपल्याला वाटतं सुटलो, आणि मार्च उजाडला की पुन्हा तेच. तुमच्याकडे असंच चाललं असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. मी यात दोन उन्हाळे घालवले आणि दोन्ही वेळा चुकीच्या जागी शोधत होतो.

माझं घर बेळगावात, वडगावला. टाकी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. वाळू-दगड वजा केले की पाणी साधारण ९० लिटर. आत दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, थोड्या गोगलगायी. टाकी फेब्रुवारीत लावली. अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट असं घाण मुरवणाऱ्या जिवाणूंचं चक्र बसायला पाचेक आठवडे गेले आणि त्याच सुमारास सगळीकडे तपकिरी झालं. ज्याला विचारलं त्यानं सांगितलं, नवीन टाकीत हे होतंच, थांब. ते खरंही आहे. हा थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि डायटमचं कवच सिलिकाचं. नव्या टाकीतल्या पाण्यात आणि वाळूत सिलिकेट असतं, ते संपेपर्यंत डायटम वाढतात, संपलं की उपाशी पडून जातात. माझ्याकडेही जूनमध्ये गेले. पुढच्या चैत्रात, गुढीपाडव्याच्या आसपास, पाहुणे बसलेले असताना लाईट लावला तर पांढरी वाळू चहा सांडल्यासारखी दिसत होती. टाकी आता नवीन नव्हती. मग सिलिकेट आलं कुठून, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. त्याऐवजी मी लाईट आठ तासांचा पाच तास केला, खाणं निम्म्यावर आणलं, आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचो ते २० टक्के केलं. थर वाढला. पाणी बदलल्यानंतर दोन दिवसांत तो जास्त गडद होतो हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

पुढं जाण्याआधी तुमचा थर कुठला आहे ते नीट बघून घ्या, कारण तपकिरी दिसणारं सगळं डायटम नसतं. बोटानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं काच खरवडा. पिठासारखा सुटून पाण्यात धूर झाला तर डायटम. लालसर-जांभळी साय धरल्यासारखी असेल आणि कडेला धरून अख्खा पापुद्रा उचलता येत असेल तर तो सायनो (सायनोबॅक्टेरिया, एक प्रकारचे जिवाणू), त्याचं मूळ बहुधा कुजणारं खाणं आणि जिथं पाणी फिरत नाही असे कोपरे. शेंबडासारखे धागे, धाग्यांत हवेचे बुडबुडे आणि रात्री बराचसा गायब होऊन दुपारी पुन्हा दाट, असं असेल तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव). त्याचा उपाय अगदी वेगळा आहे, तो शेवटी सांगतो. हिरवे केस दगडातूनच उगवत असतील तर दगड जुना, फॉस्फेट धरून बसलेला असू शकतो. पुढचं सगळं डायटमबद्दल आहे.

मला धागा सापडला तो टीडीएस मीटरमुळे. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागं मिलिग्रॅममध्ये दाखवणारं पेनाएवढं यंत्र, दोन-चारशे रुपयांत मिळतं. शेजारच्या मामांना त्यांच्या विहिरीचं पाणी मोजून हवं होतं म्हणून एका मित्राकडून आणलं होतं. त्यांचं झाल्यावर सहज घरातलं सगळं पाणी ओट्यावर चार पेल्यांत ओतून मोजलं. नळाचं पाणी ९४. बोअरचं ६१२. स्वयंपाकघरातल्या आरओचं, जे मी दोन वर्षं टाकीत घालत होतो, ७८. चौथ्या पेल्यात बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी होतं, त्याचा आकडा १.

आरओचं पाणी म्हणजे शुद्ध, असं मी धरून चाललो होतो. प्यायला ते उत्तमच आहे, टाकीसाठी नाही. घरगुती आरओमध्ये मेंब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्याच्या, पुढं एक छोटा व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. मेंब्रेनमधून आलेलं पाणी चवीला अगदी सपाट लागतं, म्हणून हा व्हॉल्व्ह मेंब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी त्यात परत मिसळतो. सर्व्हिसला आलेल्या मुलाला मी तो बंद करायला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, हे बंद केलं तर पाण्याला चव राहत नाही बघा. घरचे परत मलाच फोन करतात." त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्यानं व्हॉल्व्ह बंद करून दाखवला तेव्हा मीटरवर २४ आले, उघडल्यावर पुन्हा ७८. आमच्या आरओला बोअरचं पाणी जोडलेलं होतं. ६१२ आणि २४ मिसळून ७८ व्हायचे असतील तर साधारण अकरा पेल्यांतला एक पेला सरळ बोअरचा असतो. मेंब्रेननं जे अडवलं ते याच वाटेनं परत येत होतं.

आणि बोअरच्या पाण्यात नेमकं सिलिकेट असतं. बेळगाव दख्खनच्या लाव्हाच्या पठाराच्या दक्षिण कडेला आहे. वर जांभा किंवा काळी माती, खाली काळा पाषाण. हा पाषाण सिलिकेट खनिजांचाच बनलेला, आणि भेगांतून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी ते विरघळवून घेतं. आपल्या पोटाला त्याचा त्रास नाही. डायटमला मात्र ती मेजवानी आहे.

आता हे उन्हाळ्यातच का, ते बघा. मला हे कळलं त्या दिवशी खरोखर हायसं वाटलं. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त गोडं पाणी, मीठ आणि बाकी सगळं मागं राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, हे सगळे पाळतात. एप्रिल-मे मध्ये टाकीचं तापमान ३० च्या पुढं जायला लागलं की आपण पाण्यावर पंखा लावतो. पंख्यानं दोन-तीन अंश उतरतात ते वाफ वाढल्यामुळेच. माझ्या टाकीतून पंखा चालू असताना रोज दोन लिटर पाणी उडायचं. महिन्याला ६० लिटर. त्यात ७८ च्या हिशेबानं ४,६८० मिलिग्रॅम, म्हणजे चमचाभर क्षार दर महिन्याला टाकीत जाऊन बसत होते, आणि त्या ६० लिटरमध्ये साडेपाच लिटर निव्वळ बोअरचं पाणी. पावसाळ्यात हवा दमट, पंखा बंद, वाफ रोज अर्ध्या लिटरवर येते. महिन्याला १५ लिटर. पुरवठाच चौथ्या हिश्श्यावर आला, म्हणून डायटम ओसरायचे. मी मात्र समजत होतो की टाकी सुधारली. बदलायचं पाणीही त्याच नळीचं, म्हणून जितकं जास्त बदलावं तितकं खाद्य जास्त.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा चमचा मीटरला दिसणाऱ्या क्षारांचा आहे आणि त्यातले बरेचसे कॅल्शियम वगैरे निरुपद्रवी असतात. विरघळलेली सिलिका विद्युतभार जवळजवळ धरत नाही, त्यामुळे टीडीएस मीटरला ती दिसतच नाही. मीटर सांगतो की भिंतीला भोक आहे. आत काय आलं ते तो सांगत नाही. सिलिकेटचं वेगळं किट मिळतं, पण मी त्याआधी एक घरगुती परीक्षा केली आणि ती कुणालाही जमेल.

लोणच्याच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या गरम पाण्यानं, साबण न लावता, धुतल्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड. दोन्हींत एकाच डब्यातलं सागरी मीठ, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. टाकीतली चमचा-चमचा वाळू दोन्हींत टाकली, म्हणजे डायटमचं बी सारखंच पडलं. दोन्ही पूर्वेच्या खिडकीत शेजारी ठेवल्या. आठव्या दिवशी आरओच्या बरणीतल्या वाळूवर तपकिरी डाग धरला होता, दहाव्या दिवशी काच मळकट झाली. दुसरीतली वाळू तोवर जवळजवळ पांढरी होती. मीठ तेच, ऊन तेच, वाळू तीच. फरक पाण्याचाच. तुमच्या दोन्ही बरण्या सारख्याच तपकिरी झाल्या तर मिठावर किंवा वाळूवर संशय घ्या. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणून घातली असेल तर आधी ती.

उपाय असा केला. घरचं पिण्याचं पाणी जसं आहे तसंच ठेवलं. मेंब्रेनमधून निघणाऱ्या नळीवर, व्हॉल्व्हचं पाणी येऊन मिळतं त्याच्या अलीकडे, एक टी जोड लावला आणि तिथून वेगळी नळी काढून डीआय (डीआयोनायझेशन) रेझिनच्या दोन नळकांड्यांतून, एकापुढं एक, पाणी नेलं. रेझिन उरलेले क्षार पकडतं आणि बाहेर मीटरवर ० येतं. दोन नळकांडी कशाला? रेझिन संपत आलं की आधी सगळ्यात सैल धरलेली सिलिका सुटते आणि त्यावेळी मीटर अजून ० च दाखवत असतो. म्हणून रंग बदलणारं रेझिन घ्यायचं. पहिल्या नळकांड्याचा रंग बदलला की ते काढायचं, दुसरं पहिल्या जागी आणायचं आणि नवीन दुसऱ्या जागी. आकडा वाढायची वाट बघायची नाही. एवढं एक पाळलं नाही तर चार महिन्यांनी तपकिरी थर परत येतो आणि माणूस म्हणतो, शून्य टीडीएस असूनही होतंय.

आरओला बोअर तोडून नळाचं पाणी जोडलं, त्याचा फायदा माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, ते नद्यांचं, बोअरच्या मानानं पुष्कळ मऊ. मेंब्रेननंतर बोअरचं पाणी २४ वर यायचं, नळाचं ४ वर. म्हणजे तेच रेझिन सहापट चालतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते मेंब्रेन खातं, त्यामुळे आधीचा कार्बन फिल्टर वेळच्या वेळी बदलला पाहिजे. जून-जुलैत पाणी गढूळ येतं तेव्हा पहिला पांढरा कापसासारखा फिल्टर तीन आठवड्यांत विटकरी होतो. तो तसाच ठेवला तर पाण्याचा दाब पडतो आणि मेंब्रेन नीट गाळत नाही. पावसाळ्याआधी एक जास्तीचा आणून ठेवा.

पाणी काढायची पद्धतही बदला. आरओ बंद असताना मेंब्रेनच्या दोन बाजूंचे क्षार हळूहळू समतोल होत जातात, म्हणून सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं वाईट पाणी येतं. बोअर जोडलेला असताना माझ्याकडे पहिल्या पेल्याला १४० होते, पाच मिनिटांनी २२. रोज दोन-दोन लिटर काढणारा माणूस रोज तेच पहिलं पाणी टाकीत घालतो. मी आठवड्यातून एकदा, पहिली पाच मिनिटं सोडून, एका दमात वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरतो. फेकलं जाणारं पाणी बादलीत धरून अंगण धुवायला, भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरतो. एका लिटरमागं तीन-चार लिटर जातं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे.

एवढी जोडणी करायची नसेल तर डिस्टिल्ड पाणी विकत घ्या. उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागात बॅटरीवाल्यांकडे कॅन मिळतात. दरवेळी मीटर लावून बघा आणि कॅन आधी ॲसिडला वापरलेला नाही याची खात्री करा. गावोगावी नाणं टाकून वीस लिटर मिळतं ते ‘शुद्ध कुडियुव नीरु’, म्हणजे कन्नडमध्ये पिण्याचं शुद्ध पाणी, नावाप्रमाणे पिण्यासाठीच आहे. आमच्या ओळखीत दोघांनी ते टाकीत वापरलं आणि दोघांकडे डायटम आहेत. पावसाचं पाणी क्षारांच्या दृष्टीनं चांगलं, पण मंगळुरी कौलांवरून आलेलं नको, शेवाळ आणि पक्ष्यांची घाण त्यात उतरते.

तांब्याबद्दल कळकळीनं सांगतो. आमच्या घरी पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवतात, आजीपासूनची रीत. सुरुवातीला टाकीची भरही मी त्याच हंड्यातून घालायचो. दोन क्लीनर श्रिम्प आणले, पहिला चौथ्या दिवशी मेला, दुसरा त्याच आठवड्यात. मासे एकदम ठीक. माशांना न जाणवणारं तांबंही कोळंबीच्या जातीला आणि गोगलगायींना मारतं, आणि आरओचं भुकेलं पाणी धातू लवकर ओढून घेतं. हल्ली काही आरओमध्ये तांब्याचं वेगळं कार्ट्रिज असतं, तिथलं पाणी टाकीला अजिबात घेऊ नका. टाकीची बादली, मग, नळी सगळं वेगळं आणि प्लास्टिकचं ठेवा.

गोव्याहून समुद्राचं पाणी आणायची कल्पना बेळगावात प्रत्येकाला सुचते, चोर्ला घाट उतरलं की समुद्र. पावसाळ्यात नद्यांच्या मुखाजवळ ते पाणी पातळ आणि गढूळ असतं, हे तर आहेच. खानापूरच्या माझ्या मित्रानं मात्र त्याहून मोठी चूक केली. कॅनमध्ये ते पाणी साठवून तो रोजची भरही त्याचीच घालत होता. वाफेत मीठ जात नाही, तो रोज आणखी मीठ घालत होता. मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, घेऊन गेलो तेव्हा घनता १.०३२ होती, हवी १.०२५ ते १.०२६. मासे तळाशी बसून भराभर कल्ले हलवत होते. तो म्हणाला, "अरे, समुद्रातलंच पाणी आहे की, जास्त कसं होईल?" आम्ही एकदम खाली आणलं नाही, रोज ०.००१ असं आठवडाभर उतरवलं. तिन्ही मासे वाचले. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा आणि त्या रेषेपर्यंत फक्त गोडं शून्य पाणी घाला. आणि मालवण, वेंगुर्ल्याला गेलात तर पोवळ्याचे दगड उचलून आणू नका. दगड बांधणारी पोवळी २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि टाकीला कोरडा दगड पुरतो.

पाणी सुधारल्यावर थर लगेच जात नाही, तेव्हा घाबरू नका. आत साठलेलं सिलिकेट डायटम खाणार आणि तुम्ही ते बाहेर काढणार. काच पुसून सोडून देऊ नका, भुकटी खाली बसून कुजते आणि सिलिकेट परत पाण्यात. नळी लावून, पाणी बदलताना, वाळूवरचा थर शोषून काढा. आता १० टक्के बदल खरोखर उपयोगी पडतो, कारण येणारं पाणी रिकामं आहे. नवं मीठ-पाणी वापरायच्या आदल्या दिवशी कालवून, हलतं ठेवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळा, नाहीतर क्लोरीननं जिवाणू मरतील आणि एक दुखणं बरं करताना दुसरं उभं राहील. घाई असेल तर फेरिक ऑक्साइडचे दाणे फिल्टरमध्ये ठेवता येतात, ते फॉस्फेटबरोबर सिलिकेटही धरतात. मूळ नळी बंद न करता ते ठेवले तर नुसता खर्च. माझ्याकडे पहिल्या दहा दिवसांत काही दिसलं नाही, तिसऱ्या आठवड्यात काच चार दिवस स्वच्छ राहिली, पाचव्यात वाळू पांढरी झाली. गेला अख्खा उन्हाळा पंखा रोज चालला, वाफ तेवढीच, भर तेवढीच, आणि काच मी आठवड्यातून एकदा, सवयीनं पुसली.

सहा आठवडे शून्य पाणी घालूनही तपकिरी राहिलं तर ते डायनो असण्याची शक्यता मोठी. थरातला चिमूटभर भाग टाकीच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवून सगळा विरघळल्यासारखा करा, टिश्यू पेपरातून दुसऱ्या बाटलीत गाळा आणि ती लाईटखाली तासभर ठेवा. गाळलेल्या स्वच्छ पाण्यात पुन्हा धागे-गोळे जमले तर डायनो. अशा वेळी पाणी बदलणं थांबवायचं, फेरिक ऑक्साइड काढून टाकायचं, आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले असतील तर खाणं थोडं वाढवून ते मोजता येतील इतके वर येऊ द्यायचे.